निवड शिबिराचा अर्ज

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जून महिन्यात, आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेस गेलो होतो. न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे लेक, जावई आणि आमची सोळा वर्षांची नात असे तिघांचे बिऱ्हाड आहे. एडिसनविषयी आपल्या वाचकांना अधिक सांगावयास नको. तेथील ओक ट्री रोडवर मिठाईपासून साडीपर्यंत सारे काही मिळते, आणि आपल्यापैकी अनेकांचे कोणी ना कोणी त्या परिसरात असतेच.

आमची नात फुटबॉल खेळते. तिकडे त्या खेळास सॉकर म्हणतात. ती डाव्या पायाची असल्यामुळे बचावफळीत डाव्या बाजूस खेळते. सहाव्या वर्षापासून खेळते आहे, हे मला ठाऊक होते. परंतु ते शाळेतील मुलांच्या हौसेइतकेच असावे, अशी माझी समजूत होती. ती समजूत जुलैमधील एका शनिवारी पार बदलली. त्या दिवसाविषयी आणि त्याच्या निमित्ताने वर आलेल्या एका जुन्या गोष्टीविषयी लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

जूनच्या अखेरीस नातीच्या नावे एका महाविद्यालयाचा ई-मेल आला. आमच्या महिला फुटबॉल संघाच्या शिबिरास तू यावेस, अशी त्यात विनंती होती. नात हरखून गेली. लेकही दोन दिवस आनंदात होती. मी सदतीस वर्षे बँकेत काढलेला मनुष्य. कागदाच्या शेवटी बारीक अक्षरात काय आहे, ते आधी वाचण्याची सवय जडलेली. मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. ठरावीक इयत्तेतील कोणत्याही मुलीस हे शिबिर खुले आहे, केवळ जागा मर्यादित आहेत, असे तेथे स्पष्ट लिहिले होते.

“बाळ, हे निमंत्रण नव्हे, परिपत्रक आहे,” मी म्हणालो.

नात हसली. “आजोबा, मला माहीत आहे. सगळ्यांनाच पाठवतात. पण तिथे गेल्याशिवाय त्यांना मी दिसणार कशी?”

या उत्तरापुढे मला बोलण्यास जागा उरली नाही. नंतर मी जावयांकडून ही सारी पद्धत समजावून घेतली. ज्यांची नातवंडे तिकडे शिकत आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती थोडक्यात सांगतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन मुख्यतः एनसीएए ही संस्था करते. तिची स्थापना १९०६ सालची. तिच्या सभासद महाविद्यालयांचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात साडेतीनशेहून अधिक, दुसऱ्यात सुमारे तीनशे आणि तिसऱ्यात चारशेहून अधिक संस्था आहेत. पहिल्या दोन विभागांत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते. तिसऱ्या विभागात खेळासाठी म्हणून एक डॉलरही देता येत नाही. ज्यांच्या नावाचा आपल्याकडे एवढा दबदबा आहे, ती आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठे पहिल्या विभागात असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत.

शिष्यवृत्ती म्हटले की संपूर्ण फी माफ, असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. पहिल्या विभागात महिला फुटबॉलसाठी एका महाविद्यालयास वर्षानुवर्षे जास्तीत जास्त १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि संघात मुली पंचवीस-तीस. तेव्हा त्या चौदांचे तुकडे करून वाटले जात. २०२५-२६ पासून हे नियम बदलले आहेत; परंतु सर्वांना सर्व काही मिळेल असा त्याचा अर्थ नाही. ज्या देशात अनेक खासगी महाविद्यालयांचा वर्षाचा खर्च साठ हजार डॉलरच्या पुढे जातो, तेथे हा हिशेब पालकांनी आधीच मांडलेला बरा.

मग तिसऱ्या विभागात खेळून मिळते तरी काय? तर प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकाचा शब्द. मुलीचे गुण चांगले असतील आणि प्रशिक्षकास ती संघात हवी असेल, तर तो प्रवेश कार्यालयाकडे तिच्यासाठी रदबदली करतो. गुणांवर आणि कुटुंबाच्या आर्थिक स्थितीवर मिळणारी मदत निराळी असते आणि ती खेळाडूंनाही मिळते. आमची नात अभ्यासात चांगली आहे. म्हणून तिने स्वतःच अशा काही महाविद्यालयांची यादी केली होती.

या प्रशिक्षकांच्या नजरेस पडण्याचा एक मार्ग म्हणजे हे शिबिर. त्यास आयडी कॅम्प म्हणतात, म्हणजे खेळाडू हेरण्याचे शिबिर. महाविद्यालयाचे प्रशिक्षकच ते घेतात. फी घेतात, हेही सांगितले पाहिजे. आमच्या नातीच्या एका दिवसाच्या शिबिराची फी दोनशे डॉलरच्या वर होती. फीमधून प्रशिक्षकांनाही उत्पन्न होते, हे उघड आहे. सत्तर मुली आल्या तर त्यांपैकी ज्यांच्यावर खरोखर नजर आहे अशा थोड्याच असतात. उरलेल्यांची फी मात्र सारखीच असते. म्हणून जाणत्या मुली आधी प्रशिक्षकास स्वतः लिहितात. आपले उत्तीर्ण होण्याचे वर्ष, खेळण्याची जागा, शाळेतील गुण आणि आपल्या खेळाची तीन-चार मिनिटांची चित्रफीत पाठवतात. नातीने तसे पत्र लिहिले होते. तिला दोन ओळींचे उत्तरही आले होते. त्या दोन ओळी तिने आम्हा सर्वांना किती वेळा वाचून दाखवल्या, त्याची गणती नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. लेक गाडी चालवीत होती. मागे नात, तिच्या शेजारी मी, आणि आमच्या मध्ये तिच्या डब्यांची पिशवी. शिबिरात दुपारचे जेवण होते. परंतु तिकडच्या भोजनगृहात कांदा, लसूण आणि बटाटा टाळून उरते काय? म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी दशम्या, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि खजूर असे सारे बांधून दिले होते. डेलावेअर नदी ओलांडून आम्ही पेनसिल्व्हानियात शिरलो, तेव्हा दोन्ही बाजूंस मक्याची शेते लागली. नात कानात काही घालून डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती, तिचा डावा पाय सारखा हलत होता.

मैदानाच्या दारापाशी एक टेबल मांडले होते. तेथे महाविद्यालयाच्याच संघातील मुली नोंदणी करीत होत्या. नातीस पांढरी बंडी आणि ४७ हा क्रमांक मिळाला. दुखापत झाल्यास उपचार करण्याची परवानगी आणि महाविद्यालयावर जबाबदारी टाकणार नाही अशी कबुली, यांवर पालकाची सही हवी होती. टेबलावरील मुलीने यंत्राची पाटी पुढे केली. लेकीने मजकूर न वाचता बोटाने सही केली आणि पाटी परत दिली. सारे मिळून पाच सेकंद लागले असतील. वाचल्याशिवाय सही करू नये, हे तिला मीच शिकवले होते. मी काही बोललो नाही. मला वेगळाच कागद आठवला होता.

१९९७ साली मी बँकेच्या कोल्हापूर येथील शाखेत होतो. कोल्हापूरचे फुटबॉलवेड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना निराळे सांगणे नको. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की शाहू स्टेडियमकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जाई. शाखेतील सहकाऱ्यांबरोबर मीही ते सामने पाहत असे आणि घसा बसेपर्यंत ओरडत असे. तेव्हा खेळाचा मला तिटकारा होता, असे कोणी म्हणू शकणार नाही. दुसऱ्यांची मुले खेळत, तोवर मी मोठा क्रीडाप्रेमी होतो.

माझी लेक त्या वेळी पंधरा वर्षांची. ती शाळेच्या खो-खो संघात होती. खांबावर सूर मारून गडी बाद करण्यात तिचा हात धरणारी मुलगी जिल्ह्यात नव्हती, असे तिचे क्रीडाशिक्षक सांगत. त्या वर्षी राज्य संघाच्या निवड शिबिरासाठी तिचे नाव गेले. शिबिर परगावी, आठ दिवसांचे. पालकाच्या संमतीचा छापील अर्ज तिने माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी म्हणालो, पाहू. दुसऱ्या दिवशी तिने काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी विचारले. मी म्हणालो, दहावीचे वर्ष तोंडावर आले आहे. हे कारण खोटे नव्हते, परंतु तेवढेच कारण नव्हते. मुलगी आठ दिवस परक्या गावी राहणार, तिच्या खाण्यापिण्याचे काय, सांगलीस माझ्या वडिलांना काय सांगावे, हळदीच्या पेठेत चार माणसे काय म्हणतील, हे सारे माझ्या मनात होते. क्रीडाशिक्षक स्वतः घरी आले. मी त्यांना चहा दिला, मुलीचे कौतुक ऐकून घेतले आणि हात जोडून निरोप दिला. बँकेत मी दिवसाकाठी शंभर कागदांवर सह्या करीत असे. तो एक कागद टेबलाच्या काचेखाली मुदत संपेपर्यंत तसाच राहिला.

लेकीने त्रागा केला नाही. दहावीत उत्तम गुण मिळवले, पुढे अभियंता झाली. त्या विषयावर आमच्यात पुन्हा शब्दही झाला नाही. ती विसरली, असे मी धरून चाललो होतो.

मैदानावर नऊ वाजता शिबिर सुरू झाले. आरंभी हलका व्यायाम, मग पाच मुलींचे रिंगण आणि मध्ये दोन मुली. रिंगणातल्यांनी चेंडू एका स्पर्शात एकमेकींकडे द्यायचा, मधल्यांनी तो अडवायचा. नंतर लहान मैदान आखून चारांविरुद्ध चार. गोलरक्षक मुलींना निराळे नेले होते. प्रशिक्षक तीन-चार, हातात पाट्या. ते फारसे बोलत नव्हते, फक्त लिहीत होते. पालकांनी कुंपणाबाहेर बसावे आणि आतल्या कोणास सूचना करू नयेत, अशी ताकीद होती. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ आपल्या मुलीचा हा उन्हाळ्यातला चौथा कॅम्प असल्याचे सांगत होते. खर्चाचा आकडा त्यांनी सांगितला नाही, परंतु त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. पीक येईल की नाही हे ठाऊक नसताना तिसऱ्यांदा कर्ज मागावयास आलेल्या शेतकऱ्याचा चेहरा असा असे.

मुलींच्या खेळावर एवढा पैसा आणि एवढी माणसे मी कधी पाहिली नव्हती. ही काही अनादि काळापासूनची गोष्ट नाही. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असा टायटल नाइन नावाचा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला, आणि मग महाविद्यालयांना मुलींचेही संघ उभे करावे लागले. महिला फुटबॉलची पहिली एनसीएए स्पर्धा १९८२ साली झाली. आमच्या लेकीचा जन्म त्याच सालचा. पुढे १९९९ साली अमेरिकेच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा तो अंतिम सामना पाहण्यास नव्वद हजारांवर प्रेक्षक मैदानात होते. आज तिकडे कोणी बाप मुलीला खेळू देतो, यात त्याची थोरवी नाही. त्याच्या आधी कोणीतरी सही करून ठेवलेली आहे.

दुपारी मुली भोजनगृहात गेल्या, त्यानंतर त्यांना महाविद्यालय दाखवावयाचे होते. आम्ही दोघे झाडाखाली बसून दशमी खात होतो. समोर रिकामे मैदान होते. लेक एकाएकी म्हणाली, “अण्णा, तुम्हाला माझा तो अर्ज आठवतो?”

मी म्हणालो, “आठवतो.”

“मला वाटलं होतं, तुम्ही विसरलात.”

“आणि मला वाटलं होतं, तू विसरलीस.”

ती थोडा वेळ थांबली. “मी निवडले गेले असते, असं नाही मी म्हणत. तिथे महाराष्ट्रातल्या सगळ्या चांगल्या मुली होत्या. कदाचित दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं असतं. पण ते मला कधी कळलंच नाही, अण्णा. अजूनही कधी कधी झोप लागताना वाटतं, काय झालं असतं?”

“माझं चुकलं,” मी म्हणालो. एवढे दोन शब्द उच्चारावयास मला अठ्ठावीस वर्षे लागली.

“तो काळच तसा होता,” ती म्हणाली. लेकी अशाच असतात. बापाला सुटण्यास वाट ठेवतात.

“काळाने नाही अडवलं. त्या शिबिराला दुसऱ्या मुली गेल्याच ना? त्यांच्याही घरी काळ तोच होता.”

तिने काही उत्तर दिले नाही. डब्यातली उरलेली दशमी अर्धी करून माझ्या हातावर ठेवली.

दुपारनंतर अकरा-अकरांचे पूर्ण सामने झाले. ऊन कडक होते. नात सकाळपासून नीट खेळत होती. मात्र दुसऱ्या सामन्यात तिने गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू हलका पडला. समोरच्या संघातील एका चपळ मुलीने तो मध्येच गाठला आणि गोल केला. माझ्या पोटात गोळा आला. समोरच पाटी घेतलेले प्रशिक्षक उभे होते. त्यांनी काहीतरी लिहिले.

नातीने क्षणभर दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग ती धावत गेली, जाळीतला चेंडू स्वतः काढला, गोलरक्षक मुलीस हात उंचावून चूक आपली असल्याची खूण केली आणि चेंडू मध्यभागी नेऊन ठेवला. पुढची दहा मिनिटे ती कोठेही लपली नाही. उलट, चेंडू माझ्याकडे द्या म्हणून ओरडत राहिली. प्रशिक्षकांनी पुन्हा काहीतरी लिहिले.

काय लिहिले ते मला कळले नाही. परंतु मी त्यांच्या जागी असतो तर काय लिहिले असते, हे मला ठाऊक आहे. कर्जदाराची पत ताळेबंदावरून निम्मीच कळते. हप्ता चुकल्यावर तो शाखेत येऊन समोर बसतो की रस्ता बदलून जातो, यावरून उरलेली निम्मी कळते. नात समोर येऊन बसली होती.

परतीच्या वाटेवर ती मागच्या आसनावर आडवी होऊन गाढ झोपली. या वेळी मी पुढे, लेकीच्या शेजारी बसलो होतो. आम्ही फारसे बोललो नाही. परंतु ते न बोलणे पूर्वीसारखे नव्हते.

दहा दिवसांनी प्रशिक्षकांचे उत्तर आले. भाषा सौम्य आणि सरळ होती. नातीची खेळातील समज त्यांना आवडली होती. उजव्या पायाने खेळणे कच्चे आहे आणि अंगात आणखी ताकद हवी, असेही त्यांनी लिहिले होते. तथापि २०२७ साली येणाऱ्या मुलींत तिच्या जागेसाठी आपल्या मनात आधीच दोघी असल्याने सध्या आशा दाखवणे योग्य होणार नाही, असा शेवट होता.

त्या संध्याकाळी नात खोलीतून बाहेर आली नाही. आजीने दारापाशी ठेवलेले दूधही तसेच राहिले. मी जिन्यात बसून होतो. मनात विचार आला की, कोल्हापूरच्या घरी ही संध्याकाळ मी येऊ दिली नव्हती, आणि त्यालाच मी मुलीची काळजी घेणे म्हणत होतो. नकाराचे दुःख एका रात्रीचे असते. उत्तरच न मिळाल्याचे दुःख लेक अठ्ठावीस वर्षे उशाशी घेऊन निजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो, तेव्हा नात अंगणातील भिंतीवर चेंडू मारीत होती. फक्त उजव्या पायाने. चेंडू भलतीकडेच जात होता. दुपारी तिने आणखी तीन महाविद्यालयांना पत्रे लिहिली. त्यांपैकी एकाचे शिबिर ऑगस्टच्या अखेरीस होते. त्याची फी मी भरली. लेक नको म्हणत होती. मी ऐकले नाही. बँकेतील माणसास जुनी थकबाकी फेडण्याची संधी क्वचितच मिळते.

त्या शिबिराचा अर्ज नातीने माझ्यासमोर बसूनच भरला. पालकाच्या सहीची जागा लेकीसाठी सोडली. खाली तातडीच्या प्रसंगी कोणास कळवावे, असा रकाना होता. आई-वडिलांची नावे लिहून झाल्यावर तिसरी ओळ रिकामी होती.

“आजोबा, तुमच्या नावाचं स्पेलिंग नीट सांगा,” ती म्हणाली, “आणि इथला फोन नंबरही.”

मी एकेक अक्षर सावकाश सांगितले. तिने ते टंकले, नात्याच्या रकान्यात आजोबा असे भरले आणि मला दाखवले. मी चष्मा लावला आणि तो अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत, बारीक अक्षरांसकट, दोनदा वाचला.